पाटी, पडदा आणि गुरुजींचा वेळ

१९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून पुढच्या वर्षी जी योजना निघाली तिचे कागदोपत्री नाव 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड'. आपल्याकडे ती 'खडू-फळा योजना' म्हणून रुळली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा, नकाशे, खेळणी, पुस्तके असे किमान साहित्य मिळावे, एवढीच तिची मागणी. स्वातंत्र्याला चाळीस वर्षे होऊनही शाळेत फळा पोचवायला देशव्यापी योजना लागली, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की पुण्यात 'बालचित्रवाणी' तिच्या तीन वर्षे आधी, १९८४ साली सुरू झाली होती. इन्सॅट उपग्रहावरून शाळकरी मुलांसाठी मराठी कार्यक्रम तयार करणे हे तिचे काम. म्हणजे फळ्याची तजवीज व्हायच्या आधी उपग्रहाची झाली. हा क्रम मला फार बोलका वाटतो. वर्गातल्या तंत्रज्ञानाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात हा क्रम सहसा दिसत नाही; प्रत्येक लेख ताज्या यंत्रापासून सुरू होतो आणि इतिहास काल रात्री जन्मल्यासारखा वाटतो.

मी शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही. जुनी क्रमिक पुस्तके, शिक्षकांच्या हस्तपुस्तिका, शासननिर्णय जमवता जमवता या विषयात शिरलो. त्या वाटेवर लॅरी क्यूबन या अमेरिकी अभ्यासकाचे 'टीचर्स अँड मशिन्स' हे १९८६चे पुस्तक भेटले आणि बराच काळ सोबत राहिले. १९२०नंतर अमेरिकेच्या वर्गांत चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि शेवटी संगणक कसे आले याचा तो हिशेब आहे. क्यूबनला दिसलेली चाल ठरावीक आहे: आधी जल्लोष, मग फायदे सिद्ध करणारे अभ्यास, मग वापर फारसा होत नसल्याची कुरकुर, आणि सरतेशेवटी शिक्षकाच्या नावाने बोटे मोडणे. क्यूबन मात्र शिक्षकाची बाजू घेतो. जे यंत्र वर्गाच्या गरजेत बसते ते शिक्षक घेतो, जे बसत नाही ते कपाटात ठेवतो; त्याला तो आडमुठेपणा म्हणत नाही, व्यवहारज्ञान म्हणतो.

हे पटते, पण पुरे पडत नाही. क्यूबनचा शिक्षक एका वर्गापुढे उभा आहे. आमच्या द्विशिक्षकी शाळेतल्या बाई एका खोलीत पहिली-दुसरी घेऊन बसलेल्या असतात, शेजारच्या खोलीत गुरुजींकडे तिसरी-चौथी. दुसरीची वजाबाकी चालू असताना पहिलीने काय करायचे, हा प्रश्न बाईंना रोज सकाळी पडतो. पूर्वी त्याचे उत्तर पाटी होते. 'पाढे लिहून काढा' म्हटले की वीस मिनिटे मिळत. पाटी हे बहुवर्ग अध्यापनाचे यंत्रच होते. स्वस्त, पुसता येणारे, वीज न मागणारे. आज त्याच वीस मिनिटांसाठी टीव्ही लावला जातो. म्हणून पडद्याला जोखताना मी आधी विचारतो: या वीस मिनिटांत मूल काही करते आहे, की त्याला फक्त गप्प बसवले आहे? पाटीवर निदान हात चालत होता.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झालेला 'साइट' हा प्रयोग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी. आपल्या आठवणीत उरले ते संचाभोवती जमलेल्या गावाचे छायाचित्र. त्याच वर्षी सुट्टीत हजारो प्राथमिक शिक्षकांना याच उपग्रहावरून विज्ञानाचे प्रशिक्षण दिले गेले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. मला तो भाग जास्त दूरदृष्टीचा वाटतो. वर्षाअखेर उपग्रह परत गेला. शिक्षकाने शिकलेले शिक्षकापाशी राहिले असणार.

आता आकड्यांकडे येतो, कारण या विषयात आकडे फार सैल हाताने फेकले जातात. २००० साली गुजरात सरकारने बडोद्याच्या शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' संस्थेने पाहणी केली तेव्हा मुलांसाठी त्यांतले फारच थोडे वापरात होते. मग चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ बसवले गेले. आठवड्याला दोन तास, एका संगणकाला दोन मुले, आणि मुलाच्या कुवतीप्रमाणे गणित सोपे-अवघड होणारे. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी त्याचे मोजमाप केले. गणिताचे गुण पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. शिक्षणाच्या प्रयोगांत ही वाढ मोठी मानली जाते. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तिचा बराचसा भाग ओसरला, हे त्याच निबंधात आहे. भाषणांत ते वाक्य गळते.

याच चौघांपैकी लिंडन यांनी पुढे गुजरातमध्येच 'ज्ञान शाळा' या संस्थेच्या वर्गांत दुसरा अभ्यास केला. तिथे गणिताचा संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे लावला गेला. काही वर्गांत शाळेच्या वेळात, म्हणजे बाईंच्या शिकवण्याच्या जागी; काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, जादा म्हणून. जादा मिळालेल्या मुलांना फायदा झाला, दुबळ्या मुलांना विशेष. बाईंच्या जागी संगणक मिळालेली मुले मात्र इतरांपेक्षा स्पष्ट मागे पडली. ज्ञान शाळेचे नेहमीचे शिकवणे चांगले बांधलेले होते. तो वेळ काढून घेतला गेला आणि नुकसान झाले. यंत्र चांगले की वाईट, हा वाद मला या एका निबंधानंतर पोकळ वाटू लागला. यंत्राने कोणाचा वेळ घेतला आणि बदल्यात काय दिले, तेवढे विचारावे.

पेरूमधल्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' योजनेविषयी थोडक्यात. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली आला. भाषा आणि गणिताच्या गुणांत फरक आढळला नाही. तेच हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ साली आपल्या कर्जत तालुक्यात खैराटच्या छोट्या शाळेतही आले होते. त्यामागचा सीमोर पॅपर्ट यांचा विचार, मुलाने यंत्राला शिकवावे हा, उमदाच होता. पण तो शिक्षकाला वगळून खोक्यात भरून पाठवता येईल असे मानले गेले.

आणि आता ज्याचे कौतुक सर्वांना ठाऊक आहे ते उदाहरण. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला; दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. बातम्यांत क्यूआर कोड झळकला. पण मुलांची घरची भाषा कन्नड, आणि डिसल्यांनी ती भाषा शिकून घेऊन क्रमिक पुस्तके त्या भाषेत आणली, कोड त्यानंतर चिकटवले. माझ्या मते या कथेचा कणा कन्नड हा आहे. कोड ही ते पोचवायची गाडी. पुढे क्यूआर कोड राज्याच्या आणि देशाच्या पाठ्यपुस्तकांत सार्वत्रिक झाला. आपण गाडी उचलली आणि माल उतरवून ठेवला. भिल्ली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातल्या चौकोनातूनही बहुतेक पुस्तकाचीच प्रमाण मराठी ऐकू येणार असेल, तर त्याची अडचण जिथल्या तिथे राहते.

२०१७ साल या हिशेबात लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी बालचित्रवाणी बंद झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात 'दीक्षा' हे केंद्राचे व्यासपीठ सुरू झाले. दीक्षेवर मराठी साहित्य आहे, त्यातले काही चांगलेही आहे. पण मराठी मुलांसाठी चित्र आणि आवाज यांचा विचार करणारी माणसे एका छताखाली बसत होती, ती व्यवस्था गेली. व्यासपीठ म्हणजे संस्था नव्हे. साहित्यिक नियतकालिकांनी तरी या बंद पडण्यावर चार पाने खर्च करायला हवी होती.

शिक्षकांशी बोलताना आणखी एक गोष्ट वारंवार कानावर येते. शाळेत तंत्रज्ञान येते ते मुलांकडे नाही, आधी त्यांच्याकडे येते, तेही कारकुनी म्हणून. २०१५पासून 'सरल'वर मुलांची माहिती भरा, अमुक उपक्रमाचे फोटो चढवा, तमुक ॲपवर हजेरी लावा. ज्या फोनवर मुलांना गोष्ट ऐकवायची त्याच फोनवर दुपारचे जेवण किती जणांनी जेवले ते कळवायचे. पाटीने बाईंना वेळ दिला होता. हा पडदा तो मागतो. वर्गातल्या तंत्रज्ञानावरच्या टीकेत मुलांचे डोळे आणि पडद्याचे तास यांची चर्चा होते, ती व्हावीच. शिक्षकाच्या गेलेल्या तासांची मोजणी मात्र कोणी करत नाही.

एका द्विशिक्षकी शाळेत मी पाहिलेला वापर सांगतो. दुसरीतली मुलगी बाईंचा फोन घेऊन व्हरांड्यात जाते, धड्यातला एक परिच्छेद वाचून ध्वनिमुद्रित करते, आत येऊन स्वतःचा आवाज ऐकते. तोवर बाई पहिलीजवळ असतात. आवाज ऐकताना मुलीच्या लक्षात येते की 'म्हणून' हा शब्द तिने गिळला. कोणी सांगत नाही. ती पुस्तक उचलते, पुन्हा व्हरांड्यात जाते. संध्याकाळी बाई घरी जाताना एसटीत बसून ती ध्वनिमुद्रणे ऐकतात आणि कोण कुठे अडखळतो ते एका जुन्या वहीत पेनाने लिहून ठेवतात. त्या वहीची तीन पाने मी मागून वाचली. वर्षाच्या सुरुवातीला त्या मुलीच्या नावापुढे जोडाक्षरांची लांब रांग आहे. दिवाळीपर्यंत तिथे दोनच उरली होती.