विषाचा पुरावा आणि नमुन्याची साखळी : लागू खटल्याच्या निकालाची चिकित्सा

प्रस्तावना :
शरीरातील विष, औषध, मद्य व अंमली द्रव्ये यांचा शोध घेऊन त्यांचा अर्थ न्यायालयासमोर मांडणारी ज्ञानशाखा म्हणजे न्यायवैद्यक विषशास्त्र होय. या शाखेचे काम प्रयोगशाळेत सुरू होते असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ते मृतदेहाजवळ, रुग्णाच्या खाटेजवळ आणि पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत सुरू होते. उमापूरसारख्या (ता. गेवराई, जि. बीड) कापूस पिकवणाऱ्या परिसरात कीटकनाशकाचा डबा घरोघरी असतो. त्यामुळे विषबाधेचा प्रश्न येथे केवळ पाठ्यपुस्तकातील राहत नाही. मृत्यू अपघाताने झाला, आत्महत्येने झाला की घातपाताने, याचे उत्तर पुष्कळदा एका बरणीतील व्हिसेरावर अवलंबून असते. ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची या दृष्टीने चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खटल्याची पार्श्वभूमी :
पुण्यातील लक्ष्मीबाई कर्वे या मधुमेह असलेल्या विधवा होत्या. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री त्या डॉ. लागू यांच्यासमवेत रेल्वेने मुंबईस निघाल्या. १३ नोव्हेंबरला पहाटे त्यांना बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात आणण्यात आले व त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रुग्णालयात त्यांचे खरे नाव न सांगता दुसरेच नाव नोंदविण्यात आले होते. शव बेवारस राहिले आणि शवविच्छेदन २३ नोव्हेंबरला, म्हणजे दहा दिवसांनी झाले. रासायनिक विश्लेषकास व्हिसेरात विष आढळले नाही. पुढे लक्ष्मीबाई हयात असून पुनर्विवाह करून दूर गेल्या आहेत, असे भासविणारी बनावट पत्रे नातेवाइकांना गेली व त्यांची मालमत्ता हडप करण्यात आली.

सत्र न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केली. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बहुमताने तीच कायम ठेवली. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला. न्या. सरकार यांनी मात्र भिन्नमत नोंदविले. मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

निकालाचे स्वरूप :
विषप्रयोगाच्या खटल्यात तीन बाबी सिद्ध व्हाव्या लागतात असे बहुमताने मान्य केले : मृत्यू विषाने झाला, विष आरोपीच्या ताब्यात होते, आणि ते देण्याची संधी आरोपीस होती. त्याचबरोबर, अनेक विषे शरीरात मागे खूण ठेवत नाहीत, म्हणून विष न सापडणे हे निर्णायक मानता येत नाही व परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही निष्कर्ष काढता येतो, असे प्रतिपादन केले. ‘विष सापडले नाही तरी दोषसिद्धी होऊ शकते’ या एका वाक्यात हा निकाल आज वर्गावर्गांतून शिकविला जातो. आक्षेप आहे तो या संक्षेपाला.

चिकित्सा :
‘विष आढळले नाही’ या अहवालाचे किमान तीन अर्थ संभवतात. शरीरात विष नव्हतेच, हा पहिला. विष होते, परंतु त्या काळच्या पद्धतीने ते ओळखता येत नव्हते, हा दुसरा. आणि विष होते, परंतु नमुना घेईपर्यंत वा प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ते नष्ट झाले, हा तिसरा. पहिला अर्थ आरोपीच्या बाजूचा आहे, दुसरा विज्ञानाची मर्यादा दाखवितो व तिसरा व्यवस्थेची. या तिन्ही अर्थांना एकाच मापाने मोजणे तर्कदुष्ट ठरते.

तुलनेसाठी त्याच सुमाराचे इंग्लंडमधील उदाहरण घेता येईल. मे १९५७ मध्ये ब्रॅडफर्ड येथे एलिझाबेथ बार्लो यांचा मृत्यू झाला. त्वचेवरील सुईच्या बारीक खुणा वेळीच दिसल्या, तेथील ऊती काढून ठेवण्यात आल्या आणि त्यांचा अर्क उंदरांना टोचून इन्सुलिनचे अस्तित्व दाखविण्यात आले. पतीवरील आरोप सिद्ध झाला. तेथे शास्त्र नवे होते, परंतु ते यशस्वी झाले याचे कारण नमुना हाती होता. लागू खटल्यात मृतदेहाचे दहा दिवस गेले. शिवाय रुग्णालयाच्या कागदांवरील लघवीतील अ‍ॅसिटोनविषयीच्या नोंदीची विश्वसनीयताच न्यायालयात वादाचा विषय झाली. मधुमेही मूर्च्छा की विष, हा खटल्याचा कळीचा प्रश्न होता. एका साध्या चाचणीची निर्विवाद नोंद त्यावर मोठा प्रकाश टाकू शकली असती.

बहुमताची भूमिका समर्थनीय ठरते ती एका विशिष्ट कारणाने. खोटे नाव, बेवारस शव आणि बनावट पत्रे यांतून पुरावा नाहीसा होण्यास आरोपीचेच वर्तन कारणीभूत झाले होते. स्वतः विझविलेल्या दिव्याच्या अंधाराचा लाभ त्याला मागता येत नाही. परंतु दिवा शासनयंत्रणेच्या हलगर्जीने विझला असेल तर? तेथे हा निकाल अभियोग पक्षाच्या मदतीस येता कामा नये. न्या. सरकार यांचे भिन्नमत या ठिकाणी मोलाचे वाटते, कारण संशय कितीही गडद असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही, याची आठवण ते करून देते.

पुढील निकालांतही हा ताण दिसतो. ‘शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९८४) या निकालात हेतूसह चार कसोट्या सांगण्यात आल्या. त्या खटल्यात पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाल्याचे स्पष्ट असूनही आरोपी निर्दोष सुटला. ‘भूपिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ (१९८८) या निकालाने मात्र विषाचा ताबा प्रत्येक वेळी सिद्ध झालाच पाहिजे असे नाही, असे म्हटले. यावरून विषाचे अस्तित्व आणि विष देणाऱ्याचा हात हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे स्पष्ट होते. प्रयोगशाळा फक्त पहिल्याचे उत्तर देऊ शकते, आणि तेही नमुना नीट असेल तरच.

नमुना नीट असणे म्हणजे काय? जठर व आतडे एका बरणीत आणि यकृत व मूत्रपिंड दुसऱ्या बरणीत, सामान्यतः मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. कुजताना होणाऱ्या वायूने बरणी फुटू नये म्हणून ती सुमारे दोन तृतीयांशच भरतात. मद्याच्या तपासणीसाठी रक्तात सोडियम फ्लोराइड घालतात, कारण जंतूंमुळे नमुन्यातच अल्कोहोल तयार होऊ शकते. त्वचा पुसण्यास स्पिरिटही वापरत नाहीत. मृत्यूनंतर काही औषधे अवयवांतून हृदयातील रक्तात उतरतात, म्हणून मांडीच्या शिरेतील रक्त अधिक भरवशाचे मानले जाते. वापरलेल्या परिरक्षकाचा नमुना वेगळा पाठवितात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लाखेचे सील, लेबल व प्रत्येक हस्तांतरणाची सही. या साखळीतील एक कडी निखळली तर उत्तम यंत्राचा अहवालही निरुपयोगी ठरतो.

१९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे झालेल्या मोटार अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला व डीएनए तपासणीमुळे ही बाब पुढे आली. आरोपांचा निर्णय न्यायालय करील. परंतु यंत्राने दिलेले उत्तर अचूक असूनही ते दुसऱ्याच माणसाविषयीचे असू शकते, हा धडा त्यातून मिळतो.

निष्कर्ष :
१) लागू निकालाचे तत्त्व सर्वसाधारण नियम म्हणून न शिकविता, आरोपीने पुरावा नाहीसा केला असता लागू होणारा अपवाद म्हणून शिकविणे उचित ठरेल.
२) ‘विष आढळले नाही’ असा अहवाल आल्यास नमुना केव्हा, कशात व कोणामार्फत आला याची तपासणी न्यायालयाने प्रथम करावी.
३) १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांच्या घटनास्थळ भेटीची तरतूद केली आहे. तिचा लाभ ग्रामीण भागास मिळावयाचा असेल तर ग्रामीण रुग्णालय व पोलीस ठाणे या पातळीवर नमुना हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक आहे.

समारोप :
लक्ष्मीबाईंच्या मृत्यूचे कारण प्रयोगशाळेने सांगितले नाही, ते न्यायाधीशांना अनुमानाने ठरवावे लागले. त्या अनुमानावर एका माणसाचे प्राण अवलंबून होते. असे अनुमान करण्याची वेळ न्यायालयावर शक्यतो येऊ नये, ही जबाबदारी नमुना घेणाऱ्या पहिल्या हाताची आहे.