शून्य परिकल्पनेचा 'स्वीकार' : एक चिकित्सा

वाणिज्य, शिक्षणशास्त्र व सामाजिक शास्त्रांतील संशोधनलेखांच्या अखेरीस 'शून्य परिकल्पना स्वीकारण्यात येते' असे विधान वारंवार आढळते. वरवर निरुपद्रवी भासणारे हे विधान परिकल्पना परीक्षणाच्या मूळ तर्काशी विसंगत आहे.

आर. ए. फिशर यांनी 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' (१९३५) या ग्रंथात मांडलेला प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. कपात आधी दूध ओतले की चहा, हे चवीवरून ओळखता येते, असा एका महिलेचा दावा होता. आठ कपांपैकी आधी दूध ओतलेले चार कप तिने वेगळे काढावयाचे होते. 'तिला हा भेद कळत नाही' ही शून्य परिकल्पना होय. ती सत्य मानल्यास निवडीचे ७० प्रकार समसंभाव्य ठरतात. चारही कप अचूक निवडले जाण्याची संभाव्यता १/७०, म्हणजे सुमारे ०.०१४ इतकी असल्याने ०.०५ या रूढ सार्थकता स्तरावर शून्य परिकल्पना नाकारता येते.

हाच प्रयोग चार कपांवर केल्यास निवडीचे प्रकार सहाच उरतात. पूर्ण अचूक निवडीचीही संभाव्यता १/६, म्हणजे सुमारे ०.१६७ येते. परिणामी, निष्कर्ष काहीही आला तरी शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. अशा वेळी तिचा 'स्वीकार' महिलेच्या रसनेविषयी काहीच सांगत नाही; तो केवळ आराखड्याचा तोकडेपणा दर्शवितो.

फिशर यांच्या मांडणीत पर्यायी परिकल्पनेला स्थान नव्हते. ते जे. नेमन व ई. एस. पिअर्सन यांनी दिले. १९३३ च्या त्यांच्या लेखात दुसऱ्या प्रकारच्या चुकीचा, म्हणजे असत्य शून्य परिकल्पना न नाकारली जाण्याचा, पद्धतशीर विचार आहे. त्यांच्या पद्धतीत 'स्वीकार' हा शब्द येतो. परंतु तो कृतीविषयक निर्णय आहे, सत्यतेचा दाखला नव्हे. शिवाय अपेक्षित फरकाचे परिमाण ठरविल्यावाचून त्या चुकीची संभाव्यता काढता येत नाही. संशोधनलेखांत मात्र पर्यायी परिकल्पना 'फरक आहे' एवढ्यावरच थांबते आणि नमुन्याचा आकार सोयीनुसार ठरतो.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. अपुऱ्या नमुन्यावरून एखादी अध्यापनपद्धती निष्प्रभ ठरविली गेल्यास उपयुक्त उपक्रम बंद पडू शकतो. म्हणून पर्यायी परिकल्पनेची दिशा व परिमाण सामग्री संकलनापूर्वीच निश्चित करावे आणि निष्कर्षात 'शून्य परिकल्पना नाकारण्याइतका पुरावा उपलब्ध झाला नाही' एवढेच नोंदवावे. पुराव्याचा अभाव हा अभावाचा पुरावा नव्हे.