अप्रकाशित ध्वनिमुद्रण आणि तबल्याचे स्थान : ‘कोकण डान्स’चा एक समीक्षात्मक विचार

प्रस्तावना :

मराठी संगीतसमीक्षेने ध्वनिमुद्रिकेचा विचार प्रामुख्याने गायकाच्या अंगाने केला आहे. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. तबकडीच्या वेष्टनावर ज्याचे नाव बारीक अक्षरांत येते, किंवा येतच नाही, त्या साथीदाराकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. त्यातही हा साथीदार परदेशी राहून परक्या संगीतप्रकारात वाजवणारा असेल, तर त्याची नोंद ना शास्त्रीय संगीताच्या इतिहासात होते, ना जॅझच्या. मुंबईत जन्मलेले आणि १९५० च्या दशकात लंडनला गेलेले तबलावादक केशव साठे हे अशा दुहेरी उपेक्षेचे ठळक उदाहरण होय. त्यांचा सहभाग असलेले ‘कोकण डान्स’ हे १९७२ मधील ध्वनिमुद्रण तीन दशकांहून अधिक काळ अप्रकाशित राहिले. २००६ मध्ये इंग्लंडमधील ‘व्होकॅलियन’ या कंपनीने ते प्रथम सीडीच्या रूपात प्रसिद्ध केले आणि पुढे मेलबर्न येथील ‘द राउंडटेबल’ने ते विनाइल तबकडीवर आणले. प्रस्तुत लेखात या ध्वनिमुद्रिकेतील तबल्याच्या स्थानाचा, आणि त्या अनुषंगाने ‘पुनर्शोध’ या शब्दाचा विचार केला आहे.

ध्वनिमुद्रिकेची पार्श्वभूमी :

‘कोकण डान्स’चे रचनाकार अमान्सियो डिसिल्व्हा (१९३६–१९९६) हे मूळच्या गोव्याच्या कुटुंबात मुंबईत जन्मलेले गिटारवादक. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला गेले. निर्माते डेनिस प्रेस्टन यांच्या लॅन्सडाउन मालिकेत १९६९ मध्ये त्यांची ‘इंटिग्रेशन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच वर्षी जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासमवेत त्यांनी ‘हम दोनो’ केली. तिच्यातील एका रचनेच्या नावात गोवा आहे, दुसऱ्या एका रचनेचे नाव जयपूर. ‘कोकण डान्स’मध्ये डिसिल्व्हा यांच्यासोबत सॅक्सोफोनवादक डॉन रेंडेल, ॲलन ब्रॅन्सकोम, सतारवादक क्लेम ऑलफर्ड आणि केशव साठे आहेत. सतार वाजवणारा ब्रिटिश आणि गिटार वाजवणारा मुंबईकर, ही अदलाबदल लक्षात घेण्यासारखी आहे. ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ यांच्या मीलनाची ठरावीक भाषा येथे निरुपयोगी ठरते.

शीर्षकाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. मराठी श्रोता ‘कोकण’ आणि ‘नृत्य’ हे शब्द एकत्र ऐकताच जाखडी, नमन-खेळे किंवा दशावतार यांचा ठेका शोधू लागतो. गोमंतकीय श्रोता मांडोच्या आणि त्यामागून येणाऱ्या दुलपदाच्या आठवणीने तेच करील. असा शोध निष्फळ ठरतो. येथील कोकण भूगोलातला वा लोकसाहित्यातला नाही, तो लंडनमध्ये बसून उच्चारलेल्या पूर्वजांच्या प्रदेशाचा आहे. लोकलयीचे दस्तऐवजीकरण या ध्वनिमुद्रिकेत नाही म्हणून तिला उणे ठरविणे अन्यायाचे होईल. मात्र शीर्षकाच्या आधारे तिला ‘मातीतले संगीत’ म्हणणे हे त्याहून अधिक दिशाभूल करणारे आहे.

तबला : रंग की रचना?

इंडो-जॅझ या प्रकाराचे मूल्यमापन करताना एक तांत्रिक बाब सहसा नजरेआड होते. तबल्याचा दायाँ षड्जात, किंवा रागानुसार पंचम-मध्यमात, मिळविलेला असतो. तो स्वर मैफलभर स्थिर राहतो. जॅझमध्ये मात्र स्वरसंघात दर काही मात्रांनी बदलत जातात. मुळाशी स्थिर राहणारा दायाँ आणि वरून सरकत जाणारे स्वरसंघात यांचा मेळ बसत नाही. मेळ बसलाच तर तबल्याचे काम केवळ खुळखुळ्यासारखे उरते. ही अडचण जॅझच्या आतूनच सुटली. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये माइल्स डेव्हिस यांनी एकाच स्वरसप्तकावर दीर्घकाळ थांबण्याची पद्धत प्रतिष्ठित केली, आणि त्यानंतरच षड्जाला धरून बसलेल्या वाद्याला जॅझमध्ये खरी जागा निर्माण झाली. इंडो-जॅझचे श्रेय सतारीच्या तत्कालीन लाटेला देणारे लेखन हा मुद्दा विसरते.

केशव साठे यांची वाटचाल या दृष्टीने तपासता येते. जॉन मेयर आणि जो हॅरियट यांच्या १९६६ च्या ‘इंडो-जॅझ सूट’मध्ये पाच भारतीय अंगाचे व पाच जॅझचे असे दहा वादक होते. तेथे साठे तबल्यावर, दिवाण मोतिहार सतारीवर आणि चंद्रहास पैगणकर तंबोऱ्यावर आहेत. मेघ आणि गौड सारंग या रागांच्या नावांनी त्यातील दोन भाग ओळखले जातात. मेयर हे कलकत्त्यात जन्मलेले, पाश्चात्त्य पद्धतीने स्वरलेखन करणारे रचनाकार. त्यांच्या आराखड्यात भारतीय वाद्ये बव्हंशी लिहून ठरलेल्या मार्गाने चालतात आणि उत्स्फूर्ततेचा मोठा वाटा जॅझवादकांकडे जातो. सौम्य शब्दांत सांगायचे तर ही विभागणी विचित्र आहे. ज्या परंपरेचा प्राणच उपज हा आहे, तिच्याच वादकांना येथे लिखित संगीताची शिस्त आली. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, जर्मनीत झालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’मध्ये मोतिहार-साठे यांचा संच आणि स्विस पियानोवादक इरेने श्वाइत्झर यांचा संच समोरासमोर येतात. तेथे बंधने सैल आहेत, परंतु दोन संच एकमेकांत मिसळण्याऐवजी बहुधा शेजारी शेजारी राहतात.

‘कोकण डान्स’चे महत्त्व या क्रमात आहे. डिसिल्व्हा यांच्या रचना रागनियमांनी बांधलेल्या नाहीत, आणि त्यामुळे त्या रागाचे सोंगही घेत नाहीत. गिटार एकेरी स्वरांच्या ओळींतून बोलते, त्या ओळी एका आधारस्वराभोवती फिरतात, आणि तबल्याला उभे राहण्यासाठी जमीन मिळते. येथे तबल्याच्या जोडीला ड्रमसंचही आहे. त्या काळी जॅझ-फंकची लय पहिल्या मात्रेवर जोर देऊन उभी राहत होती. जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदाने ती सवय साऱ्यांना लावली होती. वरवर पाहता ही ‘सम’च वाटते, पण दोहोंत फरक आहे. फंकमधील पहिली मात्रा दर चार मात्रांनी हजर होते. सम मात्र सोळा मात्रांचा प्रवास करून येते आणि तिच्या येण्याची वाट पाहायला लावते. एकाच चालीत या दोन्ही अपेक्षा जाग्या ठेवणे हे साथीदाराचे काम आहे, आणि या ध्वनिमुद्रिकेत ते साठे यांच्याकडे आले आहे. ड्रमसंच लहान वर्तुळ आखतो, तबला मोठे. तबल्याला ‘पौर्वात्य रंग’ म्हणणारे परिचयलेखन हे मोठे वर्तुळ ऐकतच नाही.

या ध्वनिमुद्रिकेला मर्यादाही आहेत. सतार आणि गिटार ही दोन्ही छेडून वाजविण्याची वाद्ये असल्याने अनेकदा एकाच ध्वनिपट्ट्यात येतात आणि सतारीकडे मींडेपेक्षा झंकाराचे काम अधिक उरते. अशा जागी काळाची फॅशन स्पष्ट ऐकू येते.

‘पुनर्शोध’ कोणासाठी?

पुनर्प्रकाशनाच्या व्यवसायात ‘हरवलेले’ आणि ‘सापडलेले’ हे शब्द सैलपणे वापरले जातात. जॉन कोल्ट्रेन यांच्या ६ मार्च १९६३ च्या ध्वनिमुद्रणाची कंपनीकडील फीत खरोखरच नष्ट झाली होती. पहिल्या पत्नीच्या कुटुंबाकडे राहिलेल्या प्रतीवरून ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चरणजित सिंग यांची १९८२ ची ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी मात्र भारतात रीतसर निघाली होती. एका डच संग्राहकाने २०१० मध्ये ती पुन्हा काढली, तेव्हा जगाने तिचा ‘शोध’ लावला. सिंग तोपर्यंत मुंबईतच राहत होते. ‘कोकण डान्स’ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. वादकांना ते ठाऊक होतेच, ते बाजारात आले नव्हते एवढेच. शोध लागला तो संग्राहकाच्या कपाटाला. त्या कपाटातील त्याची जागा ‘ब्रिटिश जॅझ’ या फळीवर आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने जुन्या तबकड्यांसाठी जे मोलाचे काम केले, त्याच्या तोडीचे काम स्टुडिओतील अप्रकाशित फितींबाबत व्हायचे आहे.

या प्रश्नाची एक कायदेशीर बाजू आहे आणि ती मराठवाड्यातील अभ्यासकालाही लागू पडते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम २७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रथम प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे मोजला जातो. प्रकाशनच झाले नाही तर ही मोजणी सुरूच होत नाही. वादकाच्या हक्काची मोजणी मात्र कलम ३८ नुसार सादरीकरणानंतरच्या वर्षापासून, ५० वर्षांची आहे. मुळात हा हक्क आपल्याकडे आला तोच १९९४ च्या दुरुस्तीने. ‘कोकण डान्स’ला इंग्लंडमधील कायदा लागू असला, तरी विसंगतीचे स्वरूप आपल्या घरचे आहे. सोलापूरहून कोजागरीला पायी तुळजापूरकडे निघालेले भाविक तामलवाडीवरून जातात, त्या वाटेवर संबळ घुमतो. अशा एखाद्या गोंधळ्याचे वादन कोणी १९७० च्या दशकात फितीवर घेऊन कपाटात ठेवले असेल, तर आज वादकाच्या हक्काची मुदत संपलेली वा संपत आलेली आहे, आणि फीत बाळगणाऱ्याची अद्याप सुरूही झालेली नाही. दरम्यान त्या काळातील पुष्कळशा फितींवरील चुंबकीय थराचा चिकटा हवेतील ओलाव्याने सुटतो. मंद आचेवर तापविल्याखेरीज अशा फिती वाजविता येत नाहीत, आणि तापविल्यानंतरही त्या थोडाच काळ वाजतात. तेवढ्या काळात प्रत काढणाऱ्याने संबळ वाजविणाऱ्याचे नाव फितीच्या डबीवर लिहिले आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.