पंचनाम्याची भाषा आणि यादीबाहेरची माणसे

आपण समीक्षक कविता वाचतो, कथा वाचतो, आत्मकथने वाचतो आणि त्यांत कोण बोलतो, कोण गप्प आहे, लेखक कोठे उभा राहून पाहतो, असे प्रश्न विचारतो. हे प्रश्न विचारायला दलित साहित्याने मराठी समीक्षेला भाग पाडले. पण ज्या लिखाणावर आपल्या माणसांच्या डोक्यावरचे छप्पर अवलंबून असते, ते लिखाण आपण कधी वाचावयास घेत नाही. मी मदतीच्या यादीविषयी बोलत आहे. वादळ येते, पूर येतो, दरड कोसळते. माणसे शाळेत, समाजमंदिरात हलविली जातात आणि मग कोणीतरी कागद पुढे ओढून नावे लिहू लागतो. त्या कागदालाही एक दृष्टिकोन असतो. तोही काही अनुभव आत घेतो आणि काही बाहेर ठेवतो. म्हणून तीही एक संहिता आहे असे मी मानतो, आणि तिची समीक्षा करण्याचा अधिकार साहित्याच्या समीक्षकाला आहे असेही मानतो.

हा विचार मला पुस्तकातून सुचलेला नाही. मुचकुंदी नदी जेथे समुद्राला मिळते त्या मुखावरचे पूर्णगड हे माझे गाव. २०२० च्या जून महिन्यात ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याचा तडाखा आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागालाही बसला. पुढल्याच वर्षी, मे २०२१ च्या मध्यात, ‘तौक्ते’ आमच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेले. त्या वेळी खाडीकाठच्या एका शाळेत सखल भागातील कुटुंबे आणून ठेवली होती. साथीचे दिवस होते. ‘अंतर ठेवा’ असे भिंतीवर लिहिले होते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यभर हेच शब्द ऐकले, ती माणसे त्या भिंतीखाली घोंगड्या अंथरून बसली होती. अक्षर बरे म्हणून यादी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. रकाने आधीच आखलेले होते : कुटुंबप्रमुखाचे नाव, घर क्रमांक, नुकसानीचा प्रकार, सही अथवा अंगठा.

एका बाईपाशी लेखणी थांबली. कुडाच्या भिंतींचे आणि वर प्लॅस्टिक टाकलेले तिचे घर दुसऱ्याच्या जमिनीत होते. घराला क्रमांक नव्हता. कुटुंबप्रमुख मुंबईस जाऊन परतलाच नव्हता. घर क्रमांक नाही तर नाव कोठे लिहू, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, “घर नाय म्हन्ता, मंग राती उडाला ता काय व्हता?”

मी खाली मान घातली आणि तिचा रकाना रिकामा ठेवून पुढच्या माणसाचे नाव विचारले. माझ्या हातून ही गोष्ट घडली, हे येथे नमूद केले पाहिजे.

तिच्या त्या एका वाक्यात साऱ्या मदतव्यवस्थेची समीक्षा आहे. आपत्तीत जे गेले त्याची भरपाई, हे मदतीचे सूत्र आहे. ऐकायला ते न्याय्य वाटते. पण गेले ते कोणाचे, हे ठरविताना मालकी पाहिली जाते. ज्याच्यापाशी मालकीचे काही नव्हते त्याचे काही गेलेच नाही, असा निष्कर्ष मग आपोआप निघतो. गरज किती आहे, हा प्रश्न यादी विचारीतच नाही.

केंद्र शासनाचे २०१५ ते २०२० या काळासाठीचे निकष या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या पक्क्या किंवा कच्च्या घराला ९५,१०० रुपये, आणि नष्ट झालेल्या झोपडीला ४,१०० रुपये. म्हणजे एका छपराची किंमत दुसऱ्याच्या तेवीसपट. ‘निसर्ग’नंतर राज्य शासनाने आपल्याकडून भर घालून पूर्ण पडलेल्या घरासाठी दीड लाख रुपये दिले, हे मान्य केले पाहिजे. २०२२ साली केंद्राच्या रकमाही वाढल्या : घराला १,२०,००० आणि झोपडीला ८,०००. तेवीसपटीचे पंधरापट झाले, पायरी मात्र कायम राहिली. रकमांपेक्षाही मला त्यातली भाषा महत्त्वाची वाटते. झोपडी कशाला म्हणावे, तर कच्च्या घराहून कनिष्ठ असलेल्या, गवत, माती, प्लॅस्टिक यांच्या तात्पुरत्या निवाऱ्याला, जो परंपरेने झोपडी म्हणून ओळखला जातो. आणि घर म्हणून मदत हवी तर बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला हवा. ‘कनिष्ठ’, ‘परंपरेने’, ‘अधिकृत’ हे तीन शब्द आमच्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या बाईने त्या कुडाच्या भिंतीआड वीस वर्षे संसार केला, तिच्या लेखी तो निवारा तात्पुरता नव्हता.

घराला क्रमांक का नसतो, याचे उत्तर वादळात शोधून सापडणार नाही, ते जमिनीच्या इतिहासात आहे. कोकणात गाव खोताचे, जमीन खोताची आणि कूळ राहील ते खोताच्या मर्जीने. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. तरीही घराखालची जागा कोणाच्या नावे, हा प्रश्न कित्येक वाड्यांत तसाच लोंबकळत राहिला. कोकणातील वाडी ही जातीची वाडी असते आणि बौद्धवाडी बहुधा गावाच्या कडेला असते. वाऱ्याला, ओढ्याला, दरडीला कोण आधी सापडणार, हे पुष्कळदा या रचनेनेच ठरविलेले असते. निसर्ग आंधळा आहे असे म्हणतात. तो आंधळा असेलही, पण माणसांनी आखून दिलेल्या वाटेनेच तो वाड्यांत शिरतो.

मराठी साहित्यातील कोकणही या संदर्भात तपासले पाहिजे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये जगबुडीच्या काठावरील एका खोत घराण्याच्या पिढ्या येतात. लेखकाने आपला विषय निवडला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी आहे की ओटीवरून दिसणारे कोकण हेच संपूर्ण कोकण, असे वाचकाने आणि समीक्षकाने धरून चालले. पंचनाम्याचा कागदही त्याच ओटीवर बसून लिहिला जातो. वाडा पडला की तो दिसतो, मोजता येतो, त्याचे छायाचित्र निघते. कुडाची भिंत पडली तर तेथे काही होते, हेच सिद्ध करावे लागते.

हे केवळ कोकणापुरते नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात गावेच्या गावे नव्या जागी वसविली गेली. ते काम मोठे होते. घर मात्र जमीनधारणेवर दिले गेले. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणले होते. जुनी उतरंड मोडायची संधी होती, पण ती चौरस फुटांत पुन्हा बांधली गेली. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदतीच्या वाटपात व निवाऱ्यांत दलितांना वेगळे काढल्याच्या नोंदी झालेल्याच आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ६१ वे कलम मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. कलम चांगले आहे. परंतु घर क्रमांकाच्या रकान्यात जात लिहावी लागत नाही, म्हणून तेथे हे कलम लागू करण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

खोटे लाभार्थी घुसतील, म्हणून कागद हवाच, असे कचेरीतून सांगितले जाईल. आक्षेप गैर नाही. पण पंचनामा या शब्दाचा अर्थच पाच जणांची साक्ष असा आहे. मग पंच कोण, हा खरा प्रश्न आहे. पंच गावकीतले, मानकरी घरातले असतील तर त्यांना जे दिसत आले तेच ते सांगणार. पंचांत त्या वाडीतील दोन बाया असू द्या. घराऐवजी आधी माणसे लिहा : किती म्हातारी, किती अंगावरची मुले, कोण गरोदर, कोण आजारी. शिधापत्रिका, मतदारयादी, शेजाऱ्याचा शब्द हेही पुरावे धरा. निवाऱ्यात पाण्याच्या पिंपावर आणि चुलीवर सर्व वाड्यांची माणसे पाळीने ठेवा. आणि यादी पूर्ण झाली की ती वाडीत मोठ्याने वाचा, म्हणजे कोण राहिले ते तेथेच कळेल. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा महाराष्ट्रभरातून गाड्या भरून मदत आली. ती माणुसकी खोटी नव्हती. परंतु गाडी डांबरी रस्ता संपतो तेथे थांबते. तेथून पुढे वस्तू कोणाच्या यादीने जातात, यावर सगळे अवलंबून असते.

आमच्या साहित्यिकांनाही मला एक सांगायचे आहे. आपण भूक लिहिली, अपमान लिहिला, दुष्काळातली खडी फोडणेही लिहिले. पण कागद लिहिणारा शिकलेला हात आज पुष्कळदा आपलाच असतो. माझा होता. त्या हाताचे आत्मपरीक्षण आपल्या लिखाणात अजून फारसे आलेले नाही. दिलेल्या रकान्यात निमूट लिहिणे म्हणजे प्रस्थापिताची भाषा आपल्या अक्षरात उतरवणे होय.

दुसऱ्या दिवशी एका सेवाभावी मंडळाच्या ताडपत्र्या आल्या आणि त्या घर क्रमांकाप्रमाणे वाटल्या गेल्या. मी तोपर्यंत यादीला हाताने एक रकाना वाढविला होता : ‘प्रत्यक्ष राहणारी माणसे’. त्यात त्या बाईचे आणि आणखी काही कुटुंबांचे नाव घातले. वाटणाऱ्यांनी कुरकुर केली, पण उरलेल्या ताडपत्र्या दिल्या. शासकीय मदत तिला मिळाली नाही, कारण कचेरीत गेलेल्या यादीत माझा रकाना नव्हता. तिने त्याच जागी पुन्हा कूड उभारला आहे. पुढल्या वादळापूर्वी तो रकाना छापील कागदावर आला पाहिजे, एवढी एकच मागणी घेऊन मी हे लिहिले आहे.