गोळी सुटल्यानंतर

आमच्या घरात एक रायफल आहे. कसबा बावड्यात हे वाक्य उच्चारलं की समोरचा आधी तुमच्याकडे नीट बघतो आणि मग विचारतो, "चालतीय काय?" चालते. पॉइंट टू-टूची विंचेस्टर, मॉडेल 62, पंप ॲक्शन. नळीखालचा लाकडी दांडा मागे ओढला की रिकामं टरफल वरून उडतं, मागचा घोडा चढतो. दांडा पुढे ढकलला की नवी गोळी आत जाते. गोळ्या नळीखालच्या दुसऱ्या बारीक नळीत एकामागे एक बसतात, लाँग रायफल जातीच्या 14. मूळ आराखडा जॉन ब्राउनिंगचा, 1890 च्या मॉडेलचा. हे मॉडेल 1932 ते 1958 या काळात निघालं. अमेरिकेत या घराण्यातल्या रायफली जत्रेतल्या नेमबाजीच्या स्टॉलवर असत. म्हणजे थोडक्यात, टिनाचं बदक पाडायची वस्तू.

आमच्या आप्पांनी तिनं रानडुक्कर मारलं होतं.

ही गोष्ट मी लहानपणापासून पन्नासदा तरी ऐकली असेल. साल 1970, राधानगरीकडच्या पाहुण्यांचा ऊस, चांदणी रात्र, बांधावर आप्पा. फडात सळसळ. "आरं, वासरागत जनावर! सुळं अशी!" मग आप्पा हाताचा दांडा करायचे, खट्-खट् असा आवाज तोंडानं काढायचे आणि म्हणायचे, "कानाच्या मागं. एकच बार." इथं गोष्ट संपायची. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. आई आतून म्हणायची, "झालं का? जेवायला या."

मला या लेखात त्या शेवटाबद्दल बोलायचं आहे. आपल्याकडची शिकारकथा, मग ती कट्ट्यावरची असो की छापील, बहुतेक वेळा बार निघाला की थांबते. आधीचं सगळं तपशिलात असतं: वारा कुठून होता, पाचोळा कसा वाजला, छातीत कसं धडधडलं. बार झाला की पुढचं वाक्य थेट दुसऱ्या दिवसाचं. जनावर पडलेलं, गाव जमलेलं. मधला वेळ कापलेला असतो. सांगणाऱ्याला त्या वेळात नायक राहता येत नाही, म्हणून तो कापतात असं माझं मत आहे.

हेच मला न्यू पॅलेसच्या संग्रहालयात दिसतं. बावड्याच्या पोराला न्यू पॅलेस म्हणजे शाळेच्या रस्त्यावरची इमारत. मेजर मँटच्या आराखड्यानं ती 1884 साली पुरी झाली आणि आज तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. पेंढा भरलेली जनावरं, भिंतीवरची मुंडकी, बिबट्याच्या मणक्यांपासून केलेल्या काठ्या, आणि काचेआड बंदुका. मी ते दालन एका लेखकाचं पुस्तक वाचावं तसं वाचायचा प्रयत्न केला. त्यात पहिलं प्रकरण आहे, म्हणजे बंदूक. शेवटचंही आहे, म्हणजे मुंडकं. मधलं नाही. हाका घालणारे कोण होते, जखमी जनावरामागे जाळीत कोण शिरलं, त्यातला कोण परत आला नाही, याचा पत्ता मला तरी तिथं लागला नाही. जनावरांचे डोळे काचेचे आहेत आणि सगळ्यांचे चेहरे रागीट केलेले आहेत. मरताना कुणी दमलेलं, घाबरलेलं नव्हतंच जणू. संस्थानी शिकारीचा मी शत्रू नाही. राधानगरी-दाजीपूरचं जंगल राखलं गेलं ते शिकारीसाठीच, आणि म्हणूनच 1958 साली गव्यांचं अभयारण्य करायला तिथं गवे उरले होते. हे मान्य करूनही दालन अर्धवट सांगतं, हे म्हणावंच लागतं.

कापलेला वेळ ज्यानं ठेवला तो लेखक म्हणजे जॉर्ज ऑर्वेल. 'शूटिंग ॲन एलिफंट' हा त्याचा 1936 सालचा निबंध फोनवर पंधरा-वीस मिनिटांत वाचून होतो. ब्रह्मदेशातल्या मोलमीनमध्ये पोलीस अधिकारी असलेला निवेदक पिसाळलेल्या हत्तीची खबर लागल्यावर जी रायफल घेऊन निघतो ती जुनी .44 विंचेस्टर असते. हत्तीला ती पुरणार नाही हे त्याला ठाऊक आहे. आवाजानं हत्ती बुजेल एवढीच आशा. मग तो मोठी रायफल मागवतो आणि तिथंच फसतो, कारण मोठी बंदूक हातात आली की मागची गर्दी बार मागते. या निबंधाची तारीफ साम्राज्यशाहीवरचं भाष्य म्हणून होते, ती रास्तच आहे. माझ्या लेखी त्याचं मोठेपण वेगळ्या जागी आहे. बार सुटल्यानंतर निबंध थांबत नाही. हत्ती मरत नाही. तो पुन्हा गोळ्या घालतो, जुन्या विंचेस्टरनंही घालतो, श्वास चालूच राहतो, शेवटी तो निघून जातो आणि नंतर कळतं की हत्तीला मरायला अर्धा तास लागला. तेवढ्या भागात त्याची वाक्यं मंद होतात. वाचताना आपल्यालाही निघून जावंसं वाटतं.

जिम कॉर्बेट याहून वेगळा. त्याच्या 'जंगल लोअर'मध्ये (1953) पोरवयातली ठासणीची बंदूक आहे, एक नळी फुटलेली, पितळी तारेनं बांधलेली. मोडक्या हत्यारावरचं ते प्रेम मला फार जवळचं वाटतं. पण कॉर्बेटचा निवेदक कायम सभ्य असतो. ऑर्वेलसारखा तो स्वतःला वाईट दिसू देत नाही.

आप्पा गेल्यावर रायफल माझ्या नावावर करायची की जमा करायची, हा प्रश्न आला. घरात मत विरुद्ध होतं. दर निवडणुकीला ठाण्यात जमा करा, पावती सांभाळा, परत आणा. शिकार तर 1972 च्या कायद्यानं आवळली आणि 1991 च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शिकारही बंद झाली. मग ठेवायची कशाला? मी अर्ज केला. खरं कारण ती गोष्ट होती.

लायसन्स आल्यावर एका रेंजवर परवानगी काढून ती चालवली. तिथल्या प्रशिक्षकांनी आधी नळीतून उजेड बघितला, घोडा तपासला, मग मान डोलावली. दहा गोळ्या झाडल्या. धक्का जवळजवळ नाहीच, आवाज फटाक्याच्या लवंगीएवढा. तो खट्-खट् मात्र हुबेहूब आप्पांच्या तोंडातला. कागदावर पडलेली भोकं शिसपेन्सिलीएवढी होती. त्या भोकांकडे बघताना मला पहिल्यांदा ते डुक्कर दिसलं.

आप्पांचे त्या रात्रीचे जोडीदार आज ऐंशी पार आहेत. त्यांना जाऊन विचारलं, "काका, एकाच बारात पडलं होतं?"

त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे बघितलं. "कुठलं पडतंय? टू-टूनं डुक्कर पडतंय होय? वरडत फडात घुसलं. रातभर वरडत हुतं. तुझा बा बांधावर बसून हुता, आत जायाची छाती झाली न्हाई. माझीबी न्हाई."

"मग?"

"तिसऱ्या दिशी वासावरनं घावलं."

घरी येऊन लायसन्सची जुनी वही काढली. काडतुसांच्या खरेदीच्या नोंदी त्यात असतात. 1969 साली 50, 1970 साली 50. त्यानंतर थेट 1981 साली 50, आणि त्या शेवटच्या पेटीतल्या 43 गोळ्या अजून कपाटात आहेत. 1970 नंतरची अकरा वर्षं आप्पांनी एकही काडतूस विकत घेतलेलं नव्हतं. गोष्ट मात्र दर दिवाळीला सांगितली, आणि दर वेळी "एकच बार" म्हणून थांबले.