शनिवारच्या तासाला नेमकं बोलतं कोण?

"तू व्हिएतनामच्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवतेस? मग तुझं इंग्रजी कोण तपासतं?"

लॅबमधल्या मैत्रिणीने चहा पिताना हा प्रश्न टाकला आणि सगळे हसले. मीही हसले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मी, पीएच.डी.च्या पहिल्या सेमिनारमध्ये तीन वाक्यं बोलून घाम पुसला होता. तरी गेले काही महिने दर शनिवारी संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून मेकाँगच्या खोऱ्यातल्या मुलांशी इंग्रजीत गप्पा मारते. आपल्याकडे सात वाजतात तेव्हा त्यांच्याकडे साडेआठ झालेले असतात. जेवणं उरकून मुलं मोबाईलसमोर बसतात, मागे पंखा, कोंबड्या आणि धाकटी भावंडं. हे काम एका स्वयंसेवी गटामार्फत चालतं. त्याचं नाव घेत नाही, कारण आज जी टीका करणार आहे ती त्या एका गटावर नाही, अशा सगळ्या उपक्रमांच्या रचनेवर आहे. आणि त्या रचनेत मीही सामील आहे.

आधी एक खुलासा. माझं संशोधन पॉलिमरवर आहे, भाषाशिक्षणावर नाही. पण पेपर वाचायची सवय आहे, म्हणून मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर पेपरांत शोधायला गेले. सापडलं ते थोडं अपमानास्पद निघालं.

दोन शिखरांचा आलेख

व्हिएतनामने २००८ साली परकीय भाषांसाठी मोठा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. २०२० पर्यंत शिकून बाहेर पडणाऱ्या बहुतेक तरुणांना परकी भाषा स्वतंत्रपणे वापरता यावी, असं उद्दिष्ट होतं. ते गाठता येणार नाही हे २०१६ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनीच संसदेत मान्य केलं, आणि पुढे प्रकल्प २०२५ पर्यंत वाढवला गेला. २०२४ मध्ये तर सत्ताधारी पक्षाच्या पॉलिटब्युरोने शाळांमध्ये इंग्रजीला हळूहळू दुसऱ्या भाषेचं स्थान द्यायचं ठरवलं. म्हणजे मुलांवरची अपेक्षा वाढतेच आहे.

आता जरा गुणांकडे बघा. बारावीनंतरच्या राज्यस्तरीय नव्हे, देशपातळीवरच्या परीक्षेत २०२१ साली इंग्रजीचे दहापैकी सरासरी गुण ५.८४ होते. नुसती सरासरी बघितली तर वाटतं, बरं चाललंय. पण गुणांचा आलेख काढला तर त्याला दोन शिखरं होती. एक चारच्या आसपास, दुसरं नऊच्या जवळ. आम्हा सायन्सवाल्यांना असा आलेख दिसला की लगेच शंका येते: हा एक नमुना नाही, दोन वेगळे नमुने एकात मिसळलेत. इथेही तेच. एकीकडे हो ची मिन्ह सिटी, हनोईसारख्या शहरांतली खासगी क्लासला जाणारी मुलं, दुसरीकडे डोंगराळ जिल्ह्यांतली आणि खेड्यांतली. सरासरीच्या जागी उभं असलेलं मूल फारसं नव्हतंच.

आणि ही परीक्षा पर्यायी प्रश्नांची. त्यात बोलायला लागतच नाही. त्यामुळे शिक्षक बोलण्यावर वेळ घालवत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. बोलण्याची ही रिकामी जागा शहरात पैसे भरून भरली जाते. गावात ती भरायला स्वयंसेवक येतात. कल्पना चांगली आहे. अडतं ते पुढे.

साधं गणित

समजा साठ मिनिटांचा तास आहे आणि वीस मुलं आहेत. स्वयंसेवकाने चाळीस मिनिटं बोलली (उत्साही माणूस सहज बोलतो), पाच मिनिटं "ऐकू येतंय का"मध्ये गेली. उरली पंधरा. त्यातली दहा मिनिटं पुढे बसणारी चार धीट मुलं खातात. बाकी सोळा मुलांना मिळून पाच मिनिटं, म्हणजे प्रत्येकी एकोणीस सेकंदही नाहीत. मी माझ्या एका तासाचं रेकॉर्डिंग ऐकलं. सेकंद मोजायची हिंमत झाली नाही, कारण पहिल्या दहा मिनिटांतच कळलं की शनिवारी इंग्रजी बोलण्याचा सर्वात चांगला सराव मला होतोय.

तुम्ही म्हणाल, चांगलं इंग्रजी कानावर पडतंय हेही शिकणंच की. खरं आहे, अर्धं. मेरिल स्वेन या अभ्यासिकेने कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास केला. या मुलांनी वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकलं होतं, समजतही छान होतं, पण बोलण्या-लिहिण्यात मात्र ती मागे राहिली होती. १९८५ मध्ये स्वेन यांनी मांडलं की ऐकून समजणं वेगळं आणि स्वतः वाक्य जुळवणं वेगळं. वाक्य जुळवताना अडलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं. गप्प बसून ऐकणाऱ्याला ते कळायचा प्रसंगच येत नाही.

मग मुलं गप्प का बसतात? "लाजाळू आहेत" हे आम्हा स्वयंसेवकांचं आवडतं उत्तर. पण व्हिएतनामी भाषेत "मी" आणि "तू" असे साधे, सर्वांना चालणारे शब्द रोजच्या बोलण्यात जवळजवळ नाहीतच. समोरच्याशी नातं काय, वय काय, यावरून दोघांसाठीही शब्द ठरतात. बाईंशी बोलताना विद्यार्थी स्वतःला "एम" म्हणतो, म्हणजे धाकटं भावंड. बाईंना मधेच तोडणं, उलट प्रश्न विचारणं त्या नात्यात बसत नाही. मी "मला नावाने हाक मारा" म्हटलं म्हणून ते नातं पुसलं जात नाही. आपल्याकडे सरांना एकेरीत हाक मारून बघा, म्हणजे समजेल.

शिवाय आम्ही थांबत नाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात, तेही विज्ञानाच्या वर्गांत, मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. हे मातृभाषेत. परक्या भाषेत, नेट अडखळत असताना, तीन सेकंद तर नुसता आवाज पोचायला लागतात.

उच्चार सुधारायचा हट्ट

दुसरा घोळ उच्चारांचा. व्हिएतनामीत शब्दाच्या शेवटी फार थोडे व्यंजन येऊ शकतात, आणि "आय" या स्वरानंतर तर एकही नाही. त्यामुळे लाईफ, लाईक, लाईट हे तिन्ही शब्द नवशिक्याच्या तोंडून "लाय" असे येतात. स्वयंसेवकाला हे लगेच ऐकू येतं आणि तो तेच वाक्य बरोबर करून पुन्हा म्हणतो. मूल मान डोलावतं. स्वयंसेवक खूश.

लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ मध्ये माँट्रियलच्या वर्गांमध्ये नेमकं हेच तपासलं. शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के अशाच, म्हणजे विद्यार्थ्याचं वाक्य सुधारून परत म्हणायच्या होत्या. त्यातल्या फक्त ३१ टक्क्यांनंतर विद्यार्थ्यांकडून काही प्रतिसाद आला. बाकी वेळा दुरुस्ती हवेत. "काय म्हणालीस?" असं विचारून मुलाला स्वतःच सुधारायला लावण्याच्या पद्धती जास्त चालल्या. अर्थात, प्रतिसाद आला म्हणजे शिकलं असं नाही, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचा.

आणि सगळे उच्चार सुधारायला हवेतच असंही नाही. मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ मध्ये मंदारीन भाषकांच्या इंग्रजीवर दाखवलं की एखाद्याचा हेल फार जाड वाटला तरी त्याचं बोलणं पूर्ण समजू शकतं. लाईफ आणि लाईट यांत घोळ झाला तर अर्थ बिघडतो, तिथे जरूर थांबा. बाकी हेल राहू दे. माझाही आहेच. मैत्रिणीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

बाजारात शिकलेल्या मुली

आता एक उलटं उदाहरण. उत्तर व्हिएतनाममध्ये सा पा नावाचं डोंगरातलं पर्यटनगाव आहे. तिथे ह्मोंग समाजाच्या मुली आणि बायका हातमागाचं, भरतकामाचं सामान विकतात, पर्यटकांना डोंगर फिरवतात. त्यांच्यातल्या कित्येकींनी इंग्रजी शाळेत नव्हे तर पर्यटकांशी बोलून उचललंय आणि त्या फाडफाड बोलतात. काहींना ते लिहिता-वाचता येत नाही. पर्यटक काही प्रशिक्षित शिक्षक नव्हते. मग आमच्या वर्गात जे होत नाही ते तिथे का झालं?

याचं कौतुक करताना भान ठेवायला हवं. शाळा सोडून रस्त्यावर विक्री करणं हे काही आदर्श शिक्षण नाही. पण त्यातली यंत्रणा बघा. बोलायची गरज त्या मुलीची आहे. विषय तिचा आहे: तिचं कापड, तिचा डोंगर, तिचा भाव. आणि तीच गोष्ट ती रोज नव्या माणसाला सांगते. ऐकणारा बदलतो, विषय तोच राहतो.

हे शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्याला प्रयोगाचाही आधार आहे. पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये एका साध्या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला: एकच गोष्ट तीन वेगळ्या श्रोत्यांना सांगायची, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. बोलण्याचा वेग वाढतो, अडखळणं कमी होतं. २०११ मध्ये द याँग आणि परफेट्टी यांनी तुलना केली: एका गटाने तोच विषय पुन्हा पुन्हा मांडला, दुसऱ्याने दर वेळी नवा. सरावाच्या वेळी दोघांचीही सफाई वाढली, पण ती नंतर टिकली आणि नव्या विषयावरही दिसली ती पहिल्या गटात. अभ्यास लहान आहे आणि अमेरिकेत शिकणाऱ्या प्रौढांवरचा आहे, त्यामुळे ब्रह्मवाक्य समजू नका. पण दिशा स्पष्ट आहे.

बासा आणि हॉबी

आता माझ्या वर्गातली गोष्ट. एक मुलगी होती, पाच आठवडे माईक बंद. एकदा मी सहज म्हटलं की आमच्याकडे हॉटेलात बासा नावाचा मासा मिळतो, तो मूळचा तुमच्या नदीतला म्हणे. माईक उघडला. तिच्या घरी माशांची तळी होती. खाद्य महाग झालंय, पाणी खराब झालं की मासे मरतात, बाबा रात्री उठून बघतात, हे सगळं ती तुटक शब्दांत, काळ-वचन सगळं चुकवत, पण न थांबता सांगत राहिली. मी पहिल्यांदाच गप्प बसले होते, कारण मला खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या शनिवारी सेमिनारमुळे माझ्या जागी दुसरा स्वयंसेवक गेला. नंतर रेकॉर्डिंग पाहिलं. त्याने विचारलं, "व्हॉट इज युअर हॉबी?" ती सफाईने म्हणाली, "माय हॉबी इज लिसनिंग टू म्युझिक." तो म्हणाला, "व्हेरी गुड." माईक बंद.

त्याची चूक नव्हती. त्याला तळ्यांबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. आणि माझ्याआधीच्यांनी सोडलेली अशी किती तळी मी "हॉबी"ने बुजवली असतील, देव जाणे.

अशा उपक्रमांवर नेहमी टीका होते की स्वयंसेवक सतत बदलतात. मला आता वाटतं, ही टीका चुकीच्या जागी बसते. माणूस बदलणं ही अडचण नाही, सा पाच्या बाजारात तेच तर बळ आहे. अडचण ही की माणसाबरोबर संभाषणही शून्यावर येतं. मुलं दर वेळी पहिला धडाच जगतात. आपण मोजतो ते काय? किती स्वयंसेवक, किती तास, किती हसरे फोटो. मूल किती मिनिटं बोललं हे कोणी मोजत नाही.

याला खर्च फारसा नाही. तासानंतर तीन ओळी लिहायच्या: कोण कशाबद्दल बोललं, कुठे अडलं, पुढे ते कोणाला सांगणार. त्या ओळी तिथल्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंकडेही जाव्यात, कारण मूल कुठे आणि का अडतं हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. आज आम्ही त्यांना वळसा घालून जातो. मुलांना जोड्यांत बोलू द्यायचं. आणि प्रश्न विचारून मनात तीनपर्यंत मोजायचं.

बाजूने एक गोष्ट मान्य करते: नुसता धीर येणं हेही काही कमी नाही. परक्या माणसाशी बोलून जग बुडत नाही, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं, या मुलांना चौदाव्या वर्षी कळतंय. पण धीर आल्यावर बोलायला काहीतरी आपलं लागतं.

मैत्रिणीला उत्तर द्यायचं राहिलंय. माझं इंग्रजी कोणी तपासत नाही, आणि त्याने फारसं बिघडत नाही. तपासायला हवं ते माझं बोलणं नाही, माझं गप्प बसणं. येत्या शनिवारी त्या मुलीला विचारणार आहे, तळ्याचं काय झालं. ही गोष्ट तिने अजून दोघांना सांगावी अशी व्यवस्था केली आहे.