नापास न करणारी मुलाखत

मुलाखत हा आधुनिक जीवनातील एक नाट्यप्रकारच होय. दोन पक्ष, मध्ये एक टेबल, ठरावीक अवधी आणि अखेरीस एका पक्षाच्या आयुष्याला वळण देणारा निर्णय, एवढी सामग्री एका अंकास सहज पुरते. कथाकारांनी आणि चित्रपटकारांनी तिचा उपयोगही भरपूर करून घेतला आहे. तथापि या साहित्यात जी मुलाखत आढळते ती बहुधा एकाच जातीची, म्हणजे पगारी नोकरीची. उमेदवार शेकडो, जागा एक, प्रश्न विक्षिप्त आणि अंती नकार, हा तिचा साचा. तिची एक सावत्र बहीण आहे. केवळ कमिशनवर विमा विकण्याच्या कामासाठी जी मुलाखत होते तिच्याकडे लेखकांचे आणि टीकाकारांचेही लक्ष क्वचितच गेलेले दिसते. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी निवड मंडळाच्या टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीला आज २७५ गुण असतात आणि त्यांतील पाचदहा गुणांनी माणसाचा जिल्हा, खाते, किंबहुना सारा जन्म बदलतो, हे त्यांस सांगावयास नको. येथे मंडळ संशय घेते, कारण चुकीचा माणूस घेतल्यास त्याचा पगार, रजा, निवृत्तीनंतरचे देणे हे सारे सरकारच्या माथी येते. ज्याला गमवावयाचे असते तो प्रश्न विचारतो. कमिशनच्या मुलाखतीत हेच सूत्र उलटे लागू होते. उमेदवाराने विमा विकला नाही तर त्याला द्यावयाचे काहीच नाही. विकला तर जे द्यावयाचे ते ग्राहकाच्या हप्त्यातूनच निघणार. गमवावयाचे आहे ते उमेदवाराला. पण प्रश्न विचारण्याची सवय मात्र त्याला कोणी लावलेली नसते.

या मुलाखतीची संहिता तपासून पाहावी. टेबलापलीकडचा गृहस्थ, मग तो आयुर्विमा महामंडळाचा विकास अधिकारी असो वा खासगी कंपनीचा सेल्स मॅनेजर असो, अतिशय सौजन्याने बोलतो. उमेदवाराचे शिक्षण तो विचारतो, पण त्यावर रेंगाळत नाही. दहावीची पायरी ओलांडली, की पुढे एक अल्पमुदतीचे प्रशिक्षण आणि एक परीक्षा एवढेच उरते. त्याचे खरे प्रश्न निराळे असतात. आपण या गावी किती वर्षे आहात? नातेवाईक कोठे कोठे असतात? कोणत्या मंडळाचे सभासद आहात? पूर्वी कोणत्या कचेरीत होतात, आणि तेथे आपल्याला मानणारी माणसे किती? मग एक कोरा कागद पुढे येतो आणि ओळखीच्या शंभर माणसांची नावे लिहिण्याची विनंती होते. त्यानंतर एखाद्या अशाच साध्या माणसाची कथा, जो आज मोटारीतून हिंडतो. आणि शेवटी, या कामात मिळकतीला वरची मर्यादा नाही, हे आश्वासन. खालची मर्यादाही नाही, हे वाक्य या संहितेत येत नाही.

साहित्याच्या दृष्टीने पाहता येथे पात्रांची अदलाबदल झालेली आहे. जो परीक्षक म्हणून बसला आहे तोच विक्रेता आहे आणि उमेदवार हा त्या दिवशीचा त्याचा ग्राहक आहे. विकास अधिकारी स्वतः पगारी असला तरी त्याचा प्रोत्साहन-भत्ता त्याने उभ्या केलेल्या एजंटांनी किती धंदा आणला यावर ठरतो. उमेदवाराला नापास करण्यात त्याचे हित नाही. म्हणून ही मुलाखत कोणालाच नापास करीत नाही. नापास करण्याचे काम ती काळावर, उमेदवाराच्या आप्तेष्टांवर आणि त्यांच्या बंद दारांवर सोपवते.

येथे थोडा हिशेब मांडणे प्राप्त आहे. १९३८ च्या विमा अधिनियमात एजंटाच्या कमिशनावर कमाल मर्यादा दीर्घकाळ होती. आयुर्विम्यात ती सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्के, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी साडेसात, आणि पुढे ५ टक्के. २०१५ च्या दुरुस्तीनंतर या मर्यादा नियामक प्राधिकरणाच्या विनियमांकडे गेल्या आणि २०२३ पासून कंपनीच्या एकूण खर्चाच्या चौकटीत त्या ठरू लागल्या. पण पहिल्या वर्षी भरघोस आणि पुढे अल्प, हे जुन्या हिशेबाचे रूप ध्यानात घेण्यासारखे आहे. समजा, एजंटाने आपल्या मावसभावाला वर्षाला २४,००० रुपये हप्त्याची पॉलिसी दिली. जुन्या कमाल दराने त्याला पहिल्या वर्षी ८,४०० रुपये मिळतील, पुढील दोन वर्षी १,८०० आणि त्यानंतर १,२००. पहिल्या वर्षाची मिळकत टिकवावयाची तर दर वर्षी नवा मावसभाऊ पाहिजे. मावसभाऊ संपतात. तेव्हा एजंट धंदा सोडतो आणि त्याने दिलेल्या पॉलिसीला व्यवसायात 'ऑर्फन पॉलिसी', म्हणजे अनाथ पॉलिसी, असे नाव मिळते. मावसभाऊ हप्ते भरत राहिला तर कंपनीचे काही बिघडत नाही. बिघडते ते दोन घरांमधील जाणेयेणे.

या व्यवसायाचा इतिहास एका मराठी अधिकाऱ्याच्या नावाशी जोडलेला आहे. सनदी सेवेतून वर आलेले तत्कालीन वित्तमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकीर्दीत, १९ जानेवारी १९५६ रोजी, आयुर्विम्याचा व्यवसाय वटहुकुमाने सरकारच्या व्यवस्थापनाखाली आला. १ सप्टेंबरला महामंडळ स्थापन झाले आणि २४५ संस्था त्यात विलीन झाल्या. पुढे १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. मालकी दोनदा बदलली. परंतु तो कोरा कागद आणि ती शंभर नावे यांवर या स्थित्यंतरांचा काही परिणाम झाला नाही. जी गोष्ट खासगी भांडवलात, राष्ट्रीयीकरणात आणि पुन्हा खासगीकरणात जशीच्या तशी टिकते तिच्यात मनुष्यस्वभावाचे काही मर्म असले पाहिजे, आणि म्हणूनच ती साहित्याचा विषय आहे.

हे मर्म ज्याने ओळखले असा नाटककार म्हणजे आर्थर मिलर. त्याचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' हे नाटक १९४९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. विली लोमन हा त्याचा नायक विमा विकत नाही. तो काय विकतो हे मिलरने अखेरपर्यंत सांगितलेले नाही. पण उतारवयात त्याचा पगार काढून घेऊन त्याला निव्वळ कमिशनवर टाकलेले आहे, आणि शेवटी त्याच्याजवळ विकण्याजोगे उरते ते एकच, वीस हजार डॉलरच्या विम्याने संरक्षित असे स्वतःचे आयुष्य. तरुण मालक हॉवर्ड याच्याकडे तो फिरतीऐवजी शहरातले काम मागावयास जातो तो प्रवेश म्हणजे उलट्या दिशेने चाललेली मुलाखतच आहे. आठवड्याला पासष्ट डॉलर, मग पन्नास, मग चाळीस, असा तो स्वतःचा भाव स्वतःच उतरवीत जातो आणि प्रवेश संपतो तेव्हा कमिशनचे कामही गेलेले असते.

टीकाकारांनी या प्रवेशाची वाखाणणी पुष्कळ केली आहे. आम्हांस मात्र त्याच प्रवेशात विली जी जुनी हकीकत सांगतो ती अधिक महत्त्वाची वाटते. डेव्ह सिंगलमन नावाचा चौऱ्याऐंशी वर्षांचा एक विक्रेता, पायात हिरव्या मखमली सपाता घालून हॉटेलच्या खोलीत बसून केवळ टेलिफोनवर धंदा करीत असे, आणि तो वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला शेकडो माणसे लोटली. हा विक्रेता पाहून विलीने आपला मार्ग ठरवला. विलीची खरी मुलाखत हीच. तिच्यात कोणी प्रश्न विचारला नाही, कोणी करार केला नाही. एक माणूस पाहिला गेला आणि उमेदवार दाखल झाला. मोटारीतून हिंडणाऱ्या एजंटाची जी कथा आमच्याकडे टेबलापलीकडून सांगितली जाते तिचे हे थोरले भावंड. आणि कोऱ्या कागदावरील नावांचा निकाल मिलर कोठे लावतो? विलीच्या अंत्यविधीला. गावोगावचे ग्राहक येतील अशी त्याची खात्री होती. प्रत्यक्षात घरची माणसे, एक शेजारी आणि त्याचा मुलगा, एवढेच येतात.

आपल्याकडे या दोन जातींच्या मुलाखती एकाच कलाकृतीत समोरासमोर ठेवण्याचे काम सत्यजित राय यांनी केले. शंकर यांच्या कादंबरीवरून त्यांनी केलेला 'जन अरण्य' हा चित्रपट १९७० नंतरच्या दशकातील कलकत्त्याचा आहे. सोमनाथ या पदवीधराला नोकरीच्या मुलाखतीत चंद्राचे वजन विचारतात. त्याला ते सांगता येत नाही आणि नोकरी जाते. पुढे रस्त्यात केळीच्या सालीवरून तो घसरून पडतो आणि एका जुन्या ओळखीच्या गृहस्थाची, विशुदांची, गाठ पडते. ते त्याला मालपुरवठ्याच्या दलालीचा मार्ग दाखवतात आणि आपल्या कचेरीत एक टेबलही देतात. या दुसऱ्या मुलाखतीत चंद्राचे वजन कोणी विचारीत नाही. परंतु शेवटी एक मोठी ऑर्डर मिळावी म्हणून ग्राहकाकडे जी मुलगी पोचवावयाची ती सोमनाथच्या जिवलग मित्राची बहीण निघते, आणि सोमनाथ तिला पोचवतो. पहिल्या मुलाखतीने त्याचा अपमान केला. दुसरीने त्याच्या ओळखींची किंमत करून घेतली. विम्याचा एजंट असे काही करीत नाही हे उघड आहे. पण मित्राचे नाव ज्या क्षणी यादीत जाते त्या क्षणी कोणती हालचाल सुरू होते, ते रायांनी तिच्या टोकापर्यंत नेऊन दाखवले आहे.

मराठी साहित्याकडे वळावे तर निराशा होते. आमच्याकडे विमा एजंट आहे तो विनोदात. तो आला, की घरमालक मागील दाराने निसटतो, मुले 'बाबा घरी नाहीत' असे सांगतात, आणि वाचक हसतो. हा विनोद पगारदाराचा आहे. तो दाराच्या आतून लिहिलेला आहे. दाराबाहेर उभा असलेला माणूस तेथे कसा आला, त्याला कोणत्या टेबलावर काय सांगितले गेले, हे पाहण्याची त्याला गरज वाटलेली नाही. मराठी मध्यमवर्गाचा लेखक आणि वाचक दोघेही दीर्घकाळ महिन्याच्या पगारावर जगत आले, आणि ज्याला पगार नाही तो त्यांस एक तर दयनीय वाटला, नाही तर हास्यास्पद. चांगल्या कादंबरीचा एक विषय असा हातचा गेला आहे.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. जी मुलाखत कोणालाच नाकारीत नाही तिने अनेकांना आधारही दिलेला आहे. निवड मंडळांनी वयामुळे, इंग्रजीमुळे वा गुणांमुळे परत पाठवलेली माणसे, संसार सावरून उरल्या वेळात मिळवू पाहणाऱ्या गृहिणी, यांस या टेबलावर कोणी हिणवले नाही. बिली वाइल्डरच्या १९४४ सालच्या 'डबल इन्डेम्निटी' या चित्रपटात विम्याच्या विक्रेत्याला कचेरीतील खुर्चीचे काम, पगार थोडा कमी करून, देऊ केले जाते आणि तो ते नाकारतो. तेव्हा तो खुनाच्या मार्गाला लागलेला असतो हे खरे. पण खुर्चीपेक्षा पायपीट बरी वाटावी असे काही त्या धंद्यात आहे, हे त्या प्रसंगावरून पटते. शिवाय विमा ही वस्तू खोटी नव्हे. कर्ता पुरुष गेल्यावर दाव्याचे कागद स्वतः भरून देणारा आणि रक्कम हाती पडेपर्यंत खेपा घालणारा एजंट ज्यांनी पाहिला आहे ते या व्यवसायाला नावे ठेवणार नाहीत. आमचा आक्षेप धंद्यावर नाही. मुलाखतीच्या नावाखाली जे लपवले जाते त्यावर आहे.

हा प्रश्न आमच्या वाचकांच्या दाराशी आलेला आहे. परप्रांतात तीस वर्षे काढलेला अधिकारी निवृत्त झाला, की त्याच्या अनुभवाला मागणी नसली तरी त्याच्या ओळखींना असते. आणि आपली ओळख ती कोणती? महाराष्ट्र मंडळातील पन्नाससाठ घरे, गणेशोत्सवाची वर्गणी, संक्रांतीचे हळदीकुंकू, बदलीच्या वेळी सामान बांधावयास आलेले चार हात. गावी माणसाला भाऊबंदांचा आधार असतो. येथे हीच घरे भाऊबंद आहेत. त्यांची नावे कागदावर उतरली, की पुढच्या कोजागरीला दुधाचा पेला हातात घेताना यजमानाच्या मनात एक शंका राहते, आणि मंडळ लहान असल्यामुळे ती सर्वांच्याच मनात राहते.

म्हणून, जो या टेबलापुढे बसेल त्याने परीक्षार्थीची नम्रता बाहेर ठेवून परीक्षकाचे काम स्वतःकडे घ्यावे. आपण गेल्या तीन वर्षांत किती एजंट नेमले आणि त्यांपैकी किती आज काम करतात? पहिल्या वर्षी त्यांची सर्वसाधारण मिळकत काय झाली? यादीतील नावे संपल्यावर अपरिचित माणसाकडे कसे जावयाचे हे आपण शिकवाल काय? मी काम सोडल्यास माझ्या माणसांच्या पॉलिसी कोण सांभाळील? या चार प्रश्नांची सरळ उत्तरे जो देईल त्याच्या हाताखाली काम करण्यात कमीपणा नाही. जो उत्तराऐवजी पुन्हा मोटारीतल्या माणसाची कथा सांगू लागेल त्याच्यापुढचा कागद कोराच ठेवून उठावे.

आणि आमच्यातील जे लिहितात त्यांच्यासाठी एक सूचना. सिंगलमनला पाहणारा तरुण विली मिलरने रंगमंचावर आणला नाही. ती केवळ आठवण म्हणून येते. रायांचा सोमनाथ दलालीत शिरतो तो पाय घसरून. जो शुद्धीवर राहून, स्वच्छ कपडे करून, आशेने त्या टेबलापुढे बसला आणि ज्याने आपल्या हाताने शंभर नावे लिहिली, त्याचे चित्र अजून काढावयाचे आहे. त्यातही पहिली दहा नावे कोणाची होती आणि कोणते नाव लिहिताना त्याचा हात थांबला, एवढे जरी कोणी नीट लिहिले, तरी मराठी कथेची ती जुनी उणीव भरून निघेल.